गळक्या बादलीचे टोमॅटो

मित्रांनो, बादली गळकी असली की लोक तिला नावं ठेवतात. मला मात्र मुद्दाम गळकं केलं गेलं, आणि तेच माझ्या आयुष्यातलं सगळ्यात भारी काम ठरलं. ऐका तर.

मी रंगाची एक जुनी बादली. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या पोटात फिकट पिवळा डिस्टेंपर होता आणि डोक्यावर घट्ट झाकण. बोरीवलीतल्या एका सोसायटीचा जिना रंगवून मी रिकामी झाले. मग तिसऱ्या मजल्यावरच्या उत्तराताईंनी मला धुऊन बाथरूममध्ये ठेवलं. पाणीकपातीच्या दिवशी माझा काय थाट असायचा! "आधी ती मोठी बादली भरा," अशी ऑर्डरच सुटायची. पण एकदा माझी कडी तुटली, आणि कडी तुटलेल्या बादलीला घरात किंमत नसते. माझी रवानगी खिडकीबाहेरच्या ग्रिलमध्ये झाली. माझ्यात आधी कपड्यांच्या क्लिपा, मग जुन्या चपला, मग नुसती धूळ.

तिथून मला उचललं रेवतीने. ही उत्तराताईंची मुलगी, नववीतली. गणपती झाल्यावर तिच्या डोक्यात टोमॅटो शिरले. तिने पेचकस गॅसवर तापवला आणि माझ्या बुडाला भोकं पाडली. दुखलं का? खूप! पण मग तिने मला मातीने भरलं, भाजीतला एक पिकलेला टोमॅटो चिरडून त्याच्या बिया पेरल्या. उगवलेल्या रोपांतलं सगळ्यात धट्टंकट्टं तेवढं ठेवलं आणि जुन्या ओढणीच्या चिंध्यांनी काठीला बांधलं. फुलं आली, तेव्हा रोज सकाळी ती त्यांना हळूच टिचकी मारायची. म्हणजे पराग झडतात आणि फळ धरतं.

"अभ्यास एवढ्या नेमाने केलास तर शाळेत पहिली येशील," उत्तराताई म्हणायच्या.

"आई, अभ्यासाला टोमॅटो लागत नाहीत ना!"

टोमॅटो लागले, हिरवेगार. पण माझ्यातलं पाणी भोकांतून खाली जायचं, आणि खाली, दुसऱ्या मजल्यावर, ग्रेस आंटींची कपड्यांची दोरी होती.

"उत्तरा!" एका रविवारी खालून हाक आली. "माझ्या पांढऱ्या चादरीचा चिखलाने बाप्तिस्मा केलास ना गं!"

उत्तराताई शरमल्या. या दोन घरांचा जुना रिवाज होता. दिवाळीत फराळाची ताटली खाली जायची, नाताळात तीच ताटली भरून वर यायची. रिकामी ताटली कुणीच परत करायचं नाही. अशा शेजारणीच्या चादरीवर चिखल?

"रेवती, आणखी एक तक्रार आली ना, तर ही बादली भंगारवाल्याकडे. झाडासकट!"

वाट लागली, मी मनात म्हटलं.

रेवती मागे हटणारी नव्हती. तिने मला हळूच कलंडवलं, हेअर ड्रायरने माझं बूड वाळवलं आणि पॅकिंगची चिकटपट्टी एकावर एक डकवली. थेंब बंद! "झकास!" तिने स्वतःचीच पाठ थोपटली.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. रोज वरून पाणी यायचं आणि माझ्या पोटात साचायचं. मुळं बुडाली. पानं पिवळी पडून लोंबायला लागली. रेवतीला वाटलं, झाडाला तहान लागलीय. ती आणखी पाणी घालायची! मी ओरडत होते, पण बादलीचं कोण ऐकतं? हिरवे टोमॅटो झडू लागले. "मला काही जमतच नाही यार," असं रेवती पुटपुटली, तेव्हा तापलेल्या पेचकसापेक्षा जास्त दुखलं.

नाताळच्या आदल्या दिवशी ग्रेस आंटी ताटलीभर नेवऱ्या, म्हणजे त्यांच्याकडच्या करंज्या, घेऊन वर आल्या. ग्रिलकडे बघून म्हणाल्या, "काय गं, हल्ली पाणी पडत नाही खाली?"

"बंद केलं मी! बुडाला चिकटपट्टी लावली."

"मग ते पाणी जातं कुठे?"

रेवतीने मातीत बोट खुपसलं, तर ते चिखलातच रुतलं.

"वेडी कुठली! बुडून मरतंय ते बिचारं. काढ आधी."

"पण तुमच्या चादरी?"

"चादरीला पाय नाहीत, पण मला आहेत ना? पाणी घालायच्या आधी हाक मार, मी चादर आत घेईन. एवढं सांगायला जीभ उचलत नव्हती तुझी? मी पण बघ, नुसतीच ओरडले."

दोघींनी मला उचलून बाथरूममध्ये नेलं. पट्टी फर्रकन निघाली. आंबूस वासाचं पाणी वाहून गेलं आणि मी श्वास घेतला. त्यानंतर माती सुकेपर्यंत रेवतीने थेंबही घातला नाही. शेंड्याला नवी पानं फुटली. झाडावर टिकलेले चार टोमॅटो हळूहळू लाल झाले. रेवतीने ते देठाशी बोट धरून, फांदीला झटका न देता खुडले.

"आज कोशिंबीर!" उत्तराताई म्हणाल्या.

रेवतीने ओट्यावरच्या ताटलीकडे बघितलं. नेवऱ्या केव्हाच संपल्या होत्या.

"आई, ही रिकामी कशी पाठवायची?"

"अगं, चारही?"

"चारही. आपल्याला पुढच्या घोसातले."

मित्रांनो, तुमच्या घरी कुंडी असेल तर तिच्या बुडाकडे एकदा वाकून बघा. भोकं मोकळी आहेत ना? गळणं हा आमचा दोष नाही, ते आमचं काम आहे. फक्त खाली कोण राहतं, तेवढं माहीत असू द्या. आमच्याकडे आता रोज सकाळी हाक जाते.

"आंटी, पाणी!"

"थांब गं, चादर काढते... हं, सोड!"

आणि मग मी गळते. मनसोक्त.