शेवटच्या गिटारीची किनार

केस वाळवायचा माझा ड्रायर घरात कधी सापडत नाही. तो आमच्या ह्यांच्या कारखान्यात असतो. कारखाना म्हणजे स्वयंपाकघरामागची खोली. तिथे हे अठ्ठावीस वर्षं गिटारी बनवतायत. गिटारीच्या कडेला बसवायची प्लास्टिकची पट्टी, म्हणजे किनार, वाकवायला माझ्या ड्रायरसारखी ऊब जगात दुसरी नाही, असं ह्यांचं ठाम मत.

त्या दिवशी मी ड्रायर आणायला गेले आणि तिथेच अडकले. गिटार होती एका शाळेतल्या संगीताच्या बाईंची. त्यांनी किनार मागितलीही नव्हती. पण ह्यांनी महिन्यापूर्वी जाहीर केलं होतं, "ही शेवटची. मग खोली रिकामी करू." शेवटची म्हणून तिचा माथा, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्या असतात तो भाग, दुधी किनारीनं नटवायचा होता. शेवटची का, ते सांगितलं नाही. मला ठाऊक होतं. हल्ली चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायचे. मला ती खोली रिकामी नको होती. तिच्याशिवाय हा माणूस चार दिवसांत म्हातारा झाला असता.

माझं काम ठरलेलं. चिकटपट्टीचे बोटभर तुकडे फाडून टेबलाच्या कडेला ओळीनं लावायचे. गोंद लावलेली किनार खाचेत बसवली की हे न बघता हात पुढे करतात आणि मी तुकडा देते. सुरीला मात्र मी कधी हात लावला नाही.

बाजू नीट बसल्या. राहिलं वरचं टोक. तिथे दोन्हीकडून वळत आलेल्या पट्ट्यांचे तिरके काप असे भिडावे लागतात, की सांधा दिसता कामा नये. डावीकडची बसली. उजवीकडची आखूड कापली गेली.

"सुरी बोथट झालीय," हे म्हणाले.

धार लावून झाली. नव्या पट्टीचा काप नागमोडी गेला.

"उजेडच बरोबर नाही."

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हणाले.

हे मी त्यांना आजवर शंभरदा ऐकवलं असेल, आणि दर वेळी सव्याज परत मिळालंय. या वेळी त्यांनी सुरी ठेवली आणि उजवा हात टेबलाखाली नेला. जीभ झडो माझी, असं झालं मला.

"एकच पट्टी उरलीय," ते म्हणाले. "राहू दे. साधाच माथा पाठवू."

मी सुरी उचलली. "बोला. कुठून कापू?"

"तू?"

"मग काय शेजारणीला बोलावू? आटपा लवकर."

"तिरकी धर. आणखी. अगं, भाजी चिरतेयस का? दाबू नकोस, ओढ. एकदाच."

मी श्वास रोखून सुरी ओढली. पट्टी गरम करून वळवली, गोंद लावला, खाचेत दाबून धरली आणि न बघता हात पुढे केला. हातात वीतभर लांब, वेडावाकडा फाटलेला तुकडा आला.

"एवढा मोठा? बोटभर हवा!"

"हे काम सोपं वाटायचं मला," ते म्हणाले आणि पुढचा तुकडा फाडायला लागले.

दुसऱ्या दिवशी न्हाऊन मी पुन्हा ड्रायर आणायला गेले. ह्यांनी चिकटपट्ट्या सोलून काढल्या होत्या आणि हे भिंग लावून टोक बघत होते. कितीतरी वेळ बघत होते.

"फट आहे," ते म्हणाले.

"किती?"

"केसाएवढी."

त्यांनी पट्टीच्या कापून उरलेल्या तुकड्यांची भुकटी गोंदात कालवली, काडीनं फटीत भरली आणि फुंकर घातली. हात कापत होता, पण आता तो त्यांनी लपवला नाही.

"पुढच्या गिटारीला सुरी जरा आणखी आडवी धर," ते म्हणाले.

माझे डोळे भरून आले. ड्रायर हातात घेतला होता, तो टेबलावर परत ठेवला आणि ओले केस घेऊन उन्हात जाऊन बसले.