पाच नंबरची फळी

मित्रांनो, मी शाळेतला फळा नाही. मी दुकानाची फळी आहे. शिरपूरला जैन मंदिराकडे जाणाऱ्या वाटेवर गुलाम नबी यांचे बांगड्यांचे दुकान आहे, त्याच्या सात फळ्यांपैकी पाचवी. आता मी म्हातारी झाले आहे, एका कोपऱ्याला वाळवीने चाखलेही आहे; पण माझे आयुष्य फार सुखाचे गेले, आणि ते तुम्हाला सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

मी सागाची. जगदेव सुताराने मला रंधा मारला तेव्हा माझ्या वरच्या अंगाला एक फिकट गाठ निघाली. "ही फळी खोडील आहे," असे म्हणून तो मला बाजूला ठेवणार होता. पण लाकूड कमी पडले म्हणून राहिले. दुकान बंद करताना आम्ही सातजणी उंबऱ्याच्या खाचेत एकीशेजारी एक उभ्या राहायचो. क्रम चुकू नये म्हणून प्रत्येकीच्या पाठीवर डांबराने नंबर घातलेला होता. सकाळी दुकान उघडले, की आमचे काम संपायचे. मग दिवसभर आम्ही मागच्या खोलीत भिंतीला टेकून असायचो.

त्याच खोलीत अन्वरी बसलेली असायची.

अन्वरी ही गुलाम नबींची मुलगी. तिसरीत असताना तिला ताप आला. ताप गेला, पण जाताना पायांतले बळ घेऊन गेला. काही महिने शाळेत गेली नाही, तेव्हा तिचे नाव पटावरून कमी झाले. शेजारच्या दुर्गाबाईंना हे फार लागले. दुर्गाबाई सातवी शिकलेल्या, मोठ्या नेमाच्या. त्यांनी देवापुढे हात जोडून संकल्प सोडला, की या मुलीला रोज एक धडा शिकवल्याशिवाय अन्नाला शिवायचे नाही. रोज पूजा आटोपून त्या यायच्या. मला आडवी करून कोळशाने काळे करायच्या आणि हातात खडू घ्यायच्या. कधी अन्वरी कंटाळली, की म्हणायच्या, "लिव वं माय, मले भूक लागली." मग अन्वरी हसायची आणि लिहायची. माझ्या त्या गुळगुळीत गाठीवर कोळसा धरत नसे, म्हणून ती अन्वरीला फार आवडे. 'गंगा' लिहायचे असले, की ग असा बरोबर गाठीखाली काढायची, म्हणजे अनुस्वार आयताच मिळायचा. मी खोडील फळी, पण माझी खोड अशी उपयोगी पडली.

चार वर्षे असे चालले. मधे कोणीतरी सांगितले, की पायांनी अधू असलेल्या शिकणाऱ्या मुलांना सरकार दरमहा वजीफा देते. गुलाम नबींनी मोठ्या आशेने अर्ज केला. तो महिन्याभराने परत आला. त्यावर लाल शाईने लिहिले होते, 'कोणत्याही शाळेच्या पटावर नाव नाही.' गुलाम नबींनी तो घडी करून बांगड्यांच्या पेटीत ठेवला. दुर्गाबाई मात्र त्या दिवशी दोन धडे शिकवून गेल्या.

मग एका शुक्रवारी माझ्याकडून एक चूक झाली. म्हणजे चूक अमीनाबींची. मी नुसती उभी होते. अमीनाबी या अन्वरीच्या दादी. गुलाम नबी दुपारच्या नमाजाला गेले, म्हणून फळ्या त्यांनी लावल्या. त्यांना अक्षर येत नव्हते. त्यांनी मला उलटी लावली, आणि माझ्यावरचा 'माझे गाव' हा निबंध सगळ्या रस्त्याला दिसू लागला.

गावच्या शाळेतले जानराव गुरुजी मधल्या सुट्टीत बायकोसाठी बांगड्या घ्यायला आले होते. दुकान बंद पाहून ते वळले, आणि पुन्हा वळून माझ्यापुढे उभे राहिले. त्यांनी मान वाकडी करून सगळा निबंध वाचला. मग खिशातून खडू काढला. अन्वरीने 'पार्स्वनाथ' लिहिले होते, त्याचा 'पार्श्वनाथ' केला, खाली बारीक अक्षरात 'छान' लिहिले आणि निघून गेले.

मित्रांनो, तो 'छान' अन्वरीने आठ दिवस पुसू दिला नाही. पुढच्या शुक्रवारी तिनेच दादीला सांगून मला उलटी लावायला लावली. या वेळी माझ्यावर त्रैराशिकाचे एक गणित सोडवलेले होते, आणि शेजारी 'बरोबर आहे का?' असे विचारलेले. गुरुजींनी दुपारी त्याखाली 'होय' लिहिले आणि फळी वाजवून विचारले, "आत कोन शिकून राह्यलं?"

असे ते घरात आले. तो परत आलेला अर्ज त्यांनी वाचला आणि बराच वेळ मिशी ओढत बसले. मग त्यांनी वाट सांगितली. सातवीची परीक्षा शाळेत न जाताही देता येते. ती पास झाली, की दाखला मिळेल. दाखल्यावर आठवीत नाव लागेल. आणि नाव लागले, की वजीफ्याचा अर्ज कोणी परत करू शकणार नाही. फॉर्म मात्र वेळेत वाशीमला पोचला पाहिजे. नाही तर वर्ष वाया.

फॉर्म आला तो नेमका शेवटच्या दिवशी. गुलाम नबी कारंज्याच्या बाजारात गेलेले. गुरुजी धावतच आले, कारण दोनची एसटी गाठायची होती. पालकाची सही हवी होती, म्हणून अमीनाबींचा अंगठा घ्यायचे ठरले. गुरुजींनी फॉर्म वाचून दाखवला, "अन्वरी गुलाम नबी, बहिःस्थ विद्यार्थिनी."

अमीनाबींचा चेहरा पडला. त्यांनी पुन्हा वाचायला लावले, आणि पुन्हा तेच ऐकल्यावर अंगठा मुठीत लपवला. "मास्तर, पोरगी आमाले जड नाई झाली," त्या म्हणाल्या. "तिले बहिश्तात धाडाची सरकारले काहून घाई?"

गुरुजींना कळेना. धडा घेत बसलेल्या दुर्गाबाईंना कळेना. एकीकडे घड्याळ चालले होते, दुसरीकडे दादी मूठ उघडत नव्हत्या. अन्वरी मात्र मला धरून खोखो हसू लागली. बहिश्त म्हणजे स्वर्ग, हे तिने गुरुजींना सांगितले. आणि मग माझ्यावर मोठ्या अक्षरात 'बहिः' आणि 'स्थ' असे वेगळे लिहून, एकेकावर बोट ठेवून वाचत दादीला समजावले. "दादी, बहिश्त नाई. बाहेरची. शाळेबाहेर राहून परीक्षा देनारी."

अमीनाबींनी त्या अक्षरांकडे पाहिले. मग हळूच म्हणाल्या, "बाहेरची? चार सालापासून पोरगी उंबऱ्याबाहेर नाई गेली, अन् सरकार तिले बाहेरची म्हंते?"

"म्हनून तं तिले आत घ्याची हाय, अमीनाबी," गुरुजी म्हणाले.

दादींनी मूठ उघडली. शाईची गादी शाळेतच राहिली होती. तेव्हा त्यांनी स्वतःच्या सुरमेदाणीतला सुरमा काढला, त्यात तेलाचा थेंब घातला आणि असा ठसठशीत अंगठा उमटवला, की गुरुजी तो फुंकत फुंकतच एसटीकडे पळाले.

परीक्षेच्या दिवशी मीही गेले! बाकावर अन्वरीला बसता येईना, म्हणून गुलाम नबींनी मला बैलगाडीत घातले आणि वर्गात भिंतीशी विटांवर आडवी ठेवून तिला माझ्यावर बसवले. माझी जागा रिकामी ठेवून दुकानाला सहाच फळ्या लावलेल्या. रस्त्याने जाणारे विचारत होते, "पाचवी कुठी गेली?" आणि अमीनाबी तोऱ्यात सांगत होत्या, "परीक्षेले."

दुर्गाबाई शाळेच्या लिंबाखाली उपाशी बसून होत्या. आज शिकवायला धडाच नव्हता, तर जेवायचे कसे? पेपर झाल्यावर अन्वरीने त्यांना एकेक प्रश्न सांगितला, त्याचे उत्तर सांगितले, आणि म्हणाली, "आज मी शिकवलं, मावशी. आता जेवा." दुर्गाबाईंनी आनंदाने शिदोरी सोडली. देवालाही तो धडा पावला असेल, असे मला वाटते.

अन्वरी पास झाली. आठवीत तिचे नाव लागले. वजीफ्याची पहिली मनीऑर्डर आली तेव्हा तिने स्वतः सही केली, आणि त्यातून शाळेत जाण्यासाठी तिला चाकांची गाडी झाली. पुढे दुकानाला लोखंडी शटर बसले. माझ्या बहिणी चुलीत गेल्या. मी मागच्या भिंतीशी आहे. पावसाळ्यात कोणी तेलाचा हात फिरवला, तर बरे वाटते.

पण सगळ्यांत सुखाचा क्षण विचाराल, तर तो पेपर सुरू होण्याआधीचा. पर्यवेक्षक एकेक नाव पुकारत होते आणि मुले 'हजर' म्हणत होती. "अन्वरी गुलाम नबी," त्यांनी पुकारले. चार वर्षांत तिचे नाव कोणी असे पुकारले नव्हते. ती दचकली. काय म्हणायचे, तेच ती विसरली होती. माझ्या कडा तिने घट्ट धरल्या आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी इथंच हाय, गुरुजी."

मित्रांनो, तुमच्याही वाटेवर असे एखादे बंद दार असेल. जाता जाता थोडे थांबा, आणि आत कोण शिकते आहे, ते विचारा. ज्याचे नाव कुठल्याच पटावर नाही, त्याचे नाव एकदा मोठ्याने पुकारा. उत्तर आतून येईलच.