नुसत्या नावाने

दर्शनाचा साहेब रविवारी दुपारी मुलुंडला जेवायला येणार म्हटल्यावर सीताराम ओव्हाळांनी शनिवारी दाढी केली आणि रविवारी सकाळी पुन्हा केली. साहेब डेन्मार्कचा. नाव मिकेल, वय चौतीस, साकीनाक्याच्या ऑफिसात तीन महिन्यांसाठी आलेला. परत जाताना तो इथल्या दोघांना दोन वर्षांसाठी तिकडे नेणार होता आणि त्यात आपला नंबर लागावा असं दर्शनाला फार वाटत होतं. म्हणून तिने आठवडाभर आईवडिलांची शाळाच घेतली. ताटात बळेच वाढू नका. पगार विचारू नका. लग्न का नाही झालं ते तर अजिबात विचारू नका. आणि पप्पा, ते लोक लहानमोठ्या सगळ्यांना नावाने हाक मारतात, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

"मी कशाला लावून घेऊ?" सीताराम म्हणाले. माणूस फसतो तो असाच. पाण्यात उतरायच्या आधी सगळ्यांनाच पोहता येतं.

बारा म्हणजे बाराच्या ठोक्याला मिकेल दारात हजर. आपल्याकडे बाराचं बोलावणं म्हणजे एक वाजता यायचं हे त्याला कोण सांगणार? दर्शनाची आई शकुताई भाकऱ्या थापत होत्या, हाताला पीठ तसंच. पण त्याने न सांगता बूट दाराबाहेर काढले, तेव्हाच तो शकुताईंना पसंत पडला. मग आत येऊन त्याने सीतारामांचा हात हातात घेतला, जोरात हलवला आणि तोंडभर हसून म्हणाला, "हॅलो सीताराम!"

सीतारामही हसले. दुसरं काय करणार, घरी आलेला पाहुणा.

आता वरवर बघितलं तर यात काय एवढं? आईबापांनी ठेवलेलं नाव, ते कोणी घेतलं तर अंगाला भोकं पडतात का? पण सीतारामांचं गाव केज तालुक्यातलं. तिथे त्यांच्या वडलांना, साठीच्या दामू ओव्हाळांना, सहा वर्षांचं पोरही "ए दाम्या" म्हणायचं आणि दामू "जी" म्हणून उभे राहायचे. सीताराम स्वतः मॅट्रिक होईपर्यंत शित्या होते. मग मुंबईला आले, महापालिकेत शिपाई म्हणून लागले, रात्रीचं कॉलेज केलं, परीक्षा दिल्या, हेडक्लार्क होऊन रिटायर झाले. खिडकीशी आलेल्या एका माणसाने पहिल्यांदा "ओव्हाळ साहेब" म्हटलं, त्या दिवशी घरी येऊन त्यांनी ते शकुताईंना तीनदा सांगितलं होतं. आज सोसायटीत वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांचे ते ओव्हाळ साहेबच. जन्मापासून ज्यांच्या नावामागे राव लागलेला असतो त्यांना हे खूळ वाटेल. वाटू दे.

जेवण झकास झालं. मटणाचा रस्सा खाऊन पाहुण्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी गडी मागे हटला नाही, भाकरी मोडून मोडून खात राहिला. सीताराम, यात काय घातलंय? सीताराम, तुमच्या गावात काय पिकतं? सीताराम, तुमची मुलगी फार हुशार आहे. पोरगा मनापासून बोलत होता, त्यात खोट नव्हती. दर्शना खुशीत होती. सीताराम मात्र मनातल्या मनात मोजत होते आणि आकडा दहावर गेला होता.

जेवण झाल्यावर मिकेलने आपलं ताट उचललं आणि सरळ स्वयंपाकघराकडे निघाला. पाहुण्याने खरकटं उचलायचं म्हणजे यजमानाची शोभाच की! शकुताई लगबगीने आडव्या आल्या, सीताराम ताट घ्यायला उठले. तशी मिकेलने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, त्यांना खुर्चीत हलकंच दाबून बसवलं आणि म्हणाला, "बस, सीताराम, बस."

सीतारामांच्या डोक्यात तिडीक गेली. ते उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

दर्शना मागोमाग धावली. हळू आवाजात सांगू लागली की तो मालकालासुद्धा असंच नावाने बोलवतो, यात अपमान नाही, उलट बरोबरीचं मानतात. पप्पा, प्लीज, माझी वाट लावू नका. सीतारामांना पोरीची कीवही आली आणि रागही आला. मुलीचं काम बिघडवायचं नव्हतं. पण आज आपण गप्प बसलो तर आपल्या बापासारखंच "जी" म्हटल्यासारखं होईल, असं त्यांना वाटत होतं.

तेवढ्यात मिकेलच गॅलरीच्या दाराशी आला. चेहरा पडलेला. माझं काही चुकलं का, असं त्याने सरळ विचारलं. दर्शनाने "छे छे" म्हणायला तोंड उघडलं, पण सीतारामांनी हात वर केला. मग आपल्या ऑफिसातल्या इंग्रजीत, थांबत थांबत, त्यांनी त्याला सगळं सांगितलं. दाम्या, शित्या, खिडकीवरचा तो माणूस. आवाज एकदाही चढवला नाही. दर्शना गॅलरीचा गज धरून उभी होती. आपलं तिकीट गेलं हे ती धरून चालली होती.

मिकेलने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. माफी मागितली. मग म्हणाला की त्यांच्याकडे हे उलट आहे. कोणी वर नको, कोणी खाली नको, म्हणून नाव. त्यांच्या तिकडच्या ऑफिसात साफसफाई करणारी बाईसुद्धा मालकाला नावाने हाक मारते, मालक तिला नावाने, आणि दुपारी एकाच टेबलावर जेवतात.

सीतारामांना हे आवडलं. खरंच आवडलं. असं असेल तर बाराव्यांदाही सीताराम म्हणवून घ्यायला त्यांची हरकत नव्हती. पण हयात खिडकीमागे गेलेली, अर्जातली मोकळी राहिलेली जागा त्यांना बरोबर दिसायची.

"आणि इथे, साकीनाक्याला?" त्यांनी विचारलं. "तिथे झाडू मारतात त्या बाईंचं नाव काय?"

मिकेलला नाव आठवेना. त्याने दर्शनाकडे बघितलं.

दर्शना म्हणाली, "मावशी. आम्ही सगळे मावशीच म्हणतो."

"मावशीचं नाव काय?"

सहा वर्षं दर्शना त्या ऑफिसात होती. रोज सकाळी तिचं टेबल पुसून मिळत होतं.

पाहुण्याने अकरा वेळा नाव घेतलं तेव्हा झालं नव्हतं एवढं वाईट सीतारामांना आता वाटलं. तो परका होता, ही त्यांची पोटची पोर.

"तुझी आजी शाळा झाडायची, दर्शना," ते मराठीत म्हणाले. "तिलाही सगळे मावशीच म्हणायचे. ती गेली तेव्हा हेडमास्तर दारात आले आणि मलाच तिचं नाव विचारलं."

मिकेलला शब्द कळले नाहीत, पण त्याने विचारलंही नाही. निघताना दारात तो अडखळला, आता या माणसाला काय म्हणावं ते त्याला समजेना. शेवटी काही न म्हणता त्याने नुसते हात जोडले. सीतारामांनी त्याला जिन्यापर्यंत पोचवलं आणि पुन्हा ये म्हणून सांगितलं.

सोमवारी संध्याकाळी दर्शना घरी आली ती पर्सही न ठेवता वडलांसमोर बसली.

"द्वारका," ती म्हणाली. "द्वारका तायडे. सकाळी गेल्या गेल्या विचारलं मी."

"बरं केलंस."

"नाही पप्पा. नाव विचारल्याबरोबर त्यांचा चेहरा उतरला. हातातलं फडकं खाली ठेवून म्हणाल्या, 'का मॅडम, माझी काही कंप्लेंट आली का?' मी म्हटलं, नाही हो, सहजच विचारलं. तरी पूर्ण दिवस त्या माझ्या टेबलाकडे फिरकल्या नाहीत."