गप्प यादी

बायको गेल्याचं मी ग्रुपवर लिहिलं, त्याला चार महिने झाले. सहा हजार माणसांच्या त्या ग्रुपवर एकानेही उत्तर दिलं नाही.

ग्रुप आमचा, शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्यांचा. मीच सुरू केला, आठ वर्षं सांभाळला आणि बायकोचं दुखणं वाढलं तेव्हा दुसऱ्यांच्या हाती सोपवला. कुणाचा हूक अडकला, कुणाचा पट्टा तुटला, सगळ्यांना उत्तरं दिली ती मी. आणि या लोकांना दोन शब्द लिहिता येऊ नयेत? पहिल्या आठवड्यात राग आला. नंतर तोही येईनासा झाला. सकाळी दुकान उघडायचं, संध्याकाळी बंद करायचं, सूनबाई वाढेल ते गिळायचं.

तरी रोज ग्रुपवर एखादी युक्ती लिहायचोच. सवय, दुसरं काय!

परवा दुपारी सूनबाई डबा घेऊन दुकानात आली. तीही कपडे शिवते, ग्रुपवर आहे. म्हणाली, "बाबा, हल्ली ग्रुपवर लिहीत नाही वाटतं तुम्ही?"

"रोज लिहितो."

तिने तिचा फोन माझ्या फोनशेजारी ठेवला. माझ्या फोनवर माझं सकाळचं लिहिणं होतं, तिच्या फोनवर नव्हतं. आम्ही मागे मागे जात राहिलो. बायको गेल्याची बातमीसुद्धा तिच्या फोनवर नव्हती.

"असं कसं झालं?" ती म्हणाली.

मला ते कुणाला विचारायची गरज नव्हती. ही शक्कल माझीच. कुणी फार डोकं खाल्लं तर त्याला चारचौघांत हाकलायचं नाही, उगाच बोभाटा होतो. त्याला गुपचूप गप्प यादीत टाकायचं. तो लिहितो ते त्याला दिसतं, बाकी कुणाला दिसत नाही. त्याला कळवायचंही नाही. बडबडून दमला की आपणहून जातो. तेव्हा सगळ्यांनी माझी पाठ थोपटली होती.

आता ग्रुप सांभाळते ती एका कपड्यांच्या कारखान्यातली सुपरवायझर. तिला फोन लावला.

"काका, तुम्ही एकाला सगळ्यांसमोर अडाणी म्हणालात," ती म्हणाली. "दोनदा. म्हणून टाकलं."

म्हणालो होतो खरा. त्या दिवशी डॉक्टरांनी हात टेकले होते.

"मला सांगायचंस तरी."

"सांगायचं नाही, हा नियम तुमचाच ना?"

"माझी बायको गेली. मी लिहिलं होतं तिथे."

ती म्हणाली, "अगं बाई... काका, शप्पथ, मी पाहिलंच नाही. गप्प यादीतल्यांचं कोण वाचतं?"

ते खरं होतं. मीही कधी वाचलं नव्हतं.

ती माफी मागत होती, आत्ताच्या आत्ता काढते म्हणत होती. मला काहीच वाटत नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "अजून कोण कोण आहे यादीत?"

"थांबा, यादी उघडते... एकोणीस जण. बरेचसे निघून गेले. ती काजवाली मात्र अजून लिहिते."

काजवाली म्हणजे शिंप्यांना काजं करून देणारी एक बाई. खरं नाव कुणालाच माहीत नाही. तीन वर्षांपूर्वी मीच तिला यादीत टाकलं आणि पुढे कारण लिहिलं, 'वाद घालते.'

"काय लिहिते?"

"लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देते. रोज." सुपरवायझर मागचं मागचं वाचत गेली. "काका, तुमच्याही प्रश्नाला दिलंय. मागच्या वर्षीच्या."

मागच्या वर्षी मी एकच प्रश्न विचारला होता. बायकोचं जुनं मशीन टाके सोडत होतं. ती अंथरुणावरून म्हणायची, "साऱ्या गावाची मशीनं दुरुस्त करता, माझं तेवढं बघा. नातीचा फ्रॉक अर्धा राहिलाय." सूनबाईने तिचं मशीन पुढे केलं, तर हिला स्वतःचंच हवं. मी हूक बदलला, टायमिंग तीनदा लावलं, सगळं उघडून पुन्हा बसवलं. शेवटी लाज सोडून ग्रुपवर विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही, असं मी तिला सांगितलं.

"वाच."

"'त्या जुन्या मशीनला आताची सुई आखूड पडते. सुईचा दांडा किंचित खाली घ्या.' तुम्ही विचारल्यावर वीस मिनिटांत लिहिलंय, काका."

दुकान बंद करून घरी आलो. मशीनवरचं फडकं काढलं. स्क्रू सैल केला, दांडा केसभर खाली घेतला, स्क्रू आवळला. चिंधी घालून पायडल मारलं. टाके सरळ पडत गेले, एकही सुटला नाही. पाच मिनिटांचं काम. सूनबाई दारात उभी राहून बघत होती. आता रडू येईल असं मला वाटलं, पण आलं नाही.

मग मी ग्रुपवर लिहिलं. 'काजवालीला तीन वर्षांपूर्वी मी गप्प केलं. ती वाद घालत नव्हती. तिने तीनदा सगळ्यांसमोर माझी चूक दाखवली आणि तिन्ही वेळा तिचंच बरोबर होतं. तिला मोकळं करा. यादीतल्या प्रत्येकाला कळवा, आणि कुणाला कशासाठी गप्प केलं ते इथे सगळ्यांना वाचता येईल असं लावा.'

"तुझ्या फोनवर बघ," मी सूनबाईला म्हणालो. "दिसतंय का?"

तिने बघितलं. "दिसतंय, बाबा."

"पुन्हा बघ."