तोडलेल्या गोळ्याचे नाव

मित्रांनो, मी एक जुनी काठवट आहे. काठवट म्हणजे कणीक मळायची लाकडी परात. हे सांगावे लागते, कारण आजकाल पाहुणे मला बघून "हे शोभेचे आहे का?" असे विचारतात.

एका सुताराने अख्ख्या बुंध्यातून मला कोरले. मग मला पालथी घालून तो माझ्यावर बसला आणि जेवला. माझा अर्थ त्याने कोणाला समजावला नाही. शहाणा माणूस होता.

पुढे मी एका ज्यू कुटुंबात आले. तिथल्या आत्या चाळीस वर्षे दर शुक्रवारी आणि सणांच्या आधी माझ्यात पावाची कणीक मळत. मळून झाली की देवाचा वाटा म्हणून सुपारीएवढा गोळा तोडायचा, प्रार्थना पुटपुटायची आणि तो विस्तवात जाळायचा. त्या गोळ्याचे नाव खल्ला. पुढे अख्ख्या पावालाच ते नाव पडले. म्हणजे जे खायचे नाही, त्याचे नाव खाण्याला! माणसांकडून मी याहून जास्त अपेक्षा ठेवत नाही.

मग आत्यांच्या मनगटांनी संप केला आणि त्यांच्या भाचीचे लग्न झाले, तेव्हा त्यांनी मला तिच्या घरी दिले. तिच्या नवऱ्याला मी अर्थपंडित म्हणते. त्याने कणकेचे यंत्र आणले, मला पॉलिश करून भिंतीवर टांगले आणि सणाच्या टेबलावर प्रत्येक पदार्थापुढे नावाच्या अर्थाची चिठ्ठी ठेवू लागला. 'गेफिल्टे फिश: भरलेला मासा.' मासा बरणीतून येतो. त्यात कोणी काही भरलेले नसते. वसंतातल्या सणाला खरोसेत असते, फळे आणि सुक्या मेव्याचे वाटण. नाव मातीवरून आले. गुलामगिरीत पूर्वजांनी विटांसाठी तुडवलेल्या चिखलाची ती आठवण. त्या कष्टांवर हा गृहस्थ पाऊण तास बोलला आणि खरकटे ताट आत्यांपुढे सरकवून हात धुवायला गेला.

यंदा नववर्षाच्या सणाची संध्याकाळ होती. ज्यूंचा सण सूर्य मावळला की लागतो, आणि त्याला थोडाच वेळ उरला होता. टेबलावर चार गोल, चकचकीत पाव. आत्यांनी पावापुढची चिठ्ठी वाचली. 'खल्ला: वेगळा काढलेला वाटा.'

"काढला का रे वाटा?"

"आत्या, तो मूळ अर्थ आहे."

"अर्थ वाचला मी, चष्मा नवा आहे. वाटा काढला का?"

भाचीने नवऱ्याकडे पाहिले, नवऱ्याने यंत्राकडे. यंत्र कशाला बोलतेय!

"मग हा पाव मी खाणार नाही. माझी पर्स दे गं, घरी जाते."

भाचीचा चेहरा उतरला. माहेरचे म्हणून तिला एवढे एकच माणूस उरले होते, आणि ते सणाच्या दिवशी उपाशी उठत होते.

"आत्या, पाव भाजून झालाय. आता काय करू?"

"भाजल्यावरही काढता येतो. सगळे पाव एका भांड्यात हवेत. पण दिवस मावळायच्या आत. सण लागला की वाटा काढायचा नसतो, संपलं."

चार पाव मावतील असे भांडे घरात एकच होते आणि ते भिंतीवर लटकत होते. भाची खुर्चीवर चढली.

"अगं, पॉलिश जाईल!" अर्थपंडित ओरडला.

"जाऊ दे. माझी आत्या चाललीये!" म्हणत तिने मला खिळ्यासकट उपटले.

पाव माझ्यात दाटीवाटीने बसले. आत्यांनी प्रार्थना म्हटली, फोटोसाठी राखलेल्या सर्वांत देखण्या पावाचा लचका तोडला, चिठ्ठीतच गुंडाळला आणि शेगडीत टाकला. घरभर करपल्याचा वास सुटला. आत्या खुर्ची ओढून बसल्या आणि तेवढ्यात खिडकीतले ऊन गेले.

मित्रांनो, माझी निगा राखा असे मी म्हणणार नाही. तुम्ही लगेच पॉलिश घेऊन याल. जुन्या भांड्याला काम लागते आणि जुन्या माणसाला त्या कामाबद्दल विचारणारे कोणीतरी. बाकी व्याख्याने तुमची तुम्ही ऐका.

पुढच्या शुक्रवारी भाची बाह्या सारून माझ्यापुढे बसली. आत्या शेजारी बसून चुका काढत होत्या. कणीक भयंकर झाली.