नर्मदेपलीकडे

माझं लग्न झालं तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि नवरा पंधराचा. पुढच्याच वर्षी फौजा उत्तरेला निघाल्या आणि एका सरदाराच्या दिमतीला कारकून म्हणून तेही गेले. मधल्या दहा महिन्यांत मी त्यांना जेमतेम चार वेळा पाहिलं असेल. त्यातलं नीट असं एकदाच, विहिरीपाशी पागोटं बांधताना. पागोटं सारखं सुटत होतं आणि ते त्याला शिव्या घालत होते. मला हसू आलं, त्यांनी वळून पाहिलं, मी पळाले. झाला आमचा संसार.

मग पानिपत झालं. पुण्यात घरोघरी रडारड. कुणाकडे माणूस परत आला, कुणाकडे निरोप आला, कुणाकडे नुसतं पागोटं आलं. आमच्याकडे काहीच आलं नाही. आमचे मामंजी, दीनानाथपंत, सरकारी दफ्तरात लिहिण्याच्या कामावर होते. उत्तरेचा जासूद आला की ते त्याला गाठून विचारत. वर्ष-दीड वर्ष विचारलं, मग सोडून दिलं. पुरुषांना एखादी गोष्ट सोडून देणं जमतं, किंवा जमल्यासारखं दाखवणं तरी जमतं.

सासूबाईंना जमलं नाही. सरस्वती नाव त्यांचं, पण सगळी आळी त्यांना सरूबाई म्हणे. एका दुपारी आम्ही दोघी माजघरात वाती वळत बसलो होतो. मी दहा वर्षांची असेन. त्या कापसावरची नजर न काढता म्हणाल्या, "आज कुठवर आला असेल गं अनंता?" मुलगा मंडईत भाजी आणायला गेला असावा, असा त्यांचा सूर होता.

मी म्हटलं, दिल्लीला. त्या म्हणाल्या, दिल्लीत आता धोका आहे, तो शहाणा मुलगा बाहेरबाहेरून येईल. मग बाहेरबाहेरून म्हणजे कसा, रात्री कुठे उतरेल, खाईल काय, असं बोलता बोलता दुपार सरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मामंजी दफ्तरात गेले की आम्ही दोघी आमच्या ह्यांना कोसभर पुढे आणायचो. मथुरा, ग्वाल्हेर, सिरोंज ही गावं आम्ही जन्मात पाहिली नव्हती, जासुदांच्या बोलण्यातून ऐकलेली. पण तिथल्या धर्मशाळांच्या ओसऱ्यासुद्धा मला पाठ होत्या.

आमची भांडणंही होत. ग्वाल्हेरच्या अलीकडे सासूबाईंनी त्यांच्या गळ्यात गेनबा नावाचा एक म्हातारा बांधला. फौजेतला घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार, घोड्याखाली पाय मोडलेला. त्याला धरून धरून चालवायचं म्हणजे दिवसाला दोन कोसही होईनात. माझा जीव वर-खाली होई. मी म्हटलं, गेनबाला एखाद्या मठात ठेवून पुढे यावं त्यांनी.

"तुझा नवरा असेल, मुलगा माझा आहे," त्या म्हणाल्या. "मी त्याला असं नाही वाढवलं."

"पण मी इथे वाट पाहते आहे, हे त्यांना ठाऊक नाही का?"

"ठाऊक आहे. म्हणून तर रडतो बिचारा. पण टाकून येत नाही."

अडीच वर्षं तो गेनबा आमच्या मानगुटीवर बसला. शेवटी सासूबाई चार दिवस माहेरी गेल्या होत्या तेवढ्यात मी त्याला सिरोंजला ताप आणून मारून टाकलं. परत आल्यावर सांगितलं, तर त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पहिल्या दिवशी तर जेवल्याही नाहीत. मग मलाच वाईट वाटलं आणि त्यांच्या अनंताने गेनबाचे दिवस नीट केले, जानवं नसलेल्या माणसाचे जसे करायचे तसे गावातल्या लोकांकडून करवले, असं मी जोडून दिलं. तेव्हा कुठे त्या हसल्या. म्हणाल्या, "शोभतो माझा."

मी सोळाची झाले तेव्हा आमचं दुसऱ्यांदा बिनसलं. त्यांचा अनंता अजून दूध पिऊन झोपायचा. माझे ते मात्र माझ्याबरोबर मोठे होत चालले होते. त्यांना मिशी आली, खांदे रुंद झाले, आवाज फुटून भरदार झाला. हे मी सासूबाईंना सांगत नसे, पण वात वळता वळता माझा हात थांबे आणि त्यांना ते कळे. माझ्या बरोबरीच्या मुली बाळंतपणाला माहेरी जात होत्या. मला हळदीकुंकवाला बोलवावं की न बोलवावं, असा बायकांना पेच पडे. बोलवत, आणि मग कुंकवाची बोटं माझ्या कपाळापाशी आली की क्षणभर अडखळत. मी मुद्दाम कपाळ पुढे करी. पण घरी येताना मला माझ्या त्यांची इतकी आठवण येई की चालवत नसे. ज्याला धड एकदाच पाहिलं त्याची आठवण कशी येते, असं विचारणाऱ्याने बारा वर्षं वाट पाहून बघावी.

प्रवासाच्या दहाव्या वर्षी ते नर्मदेवर आले. नेमावरला, पलीकडच्या काठावर. तिथून मात्र हलेनात. कधी पूर आला, कधी नावाडी आजारी पडला, कधी त्यांनी चातुर्मास तिथेच धरला. मी विचारलं, आता आणखी किती दिवस? सासूबाईंनी पहिल्यांदाच वाती बाजूला ठेवल्या. म्हणाल्या, "मथे, नदी ओलांडली की महिन्याभरात तो दारात यायला हवा. आणि मग?" त्यानंतर मी विचारलं नाही. पलीकडे का होईना, ते होते.

बारा वर्षं भरली त्या पौषात मामंजींनी श्रीनिवासशास्त्र्यांना बोलावलं. बारा वर्षं ठावठिकाणा नसलेल्या माणसाचा विधी असतो. पळसाच्या तीनशेसाठ पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, आणि त्याला नदीवर नेऊन अग्नी द्यायचा. मग तो माणूस मेला. त्याची बायको विधवा झाली. बांगड्या, कुंकू, केस, सगळं त्याच दिवशी जायचं. मी एकवीस वर्षांची होते.

मामंजी दुष्ट नव्हते, हे सांगितलं पाहिजे. बारा पितृपक्ष त्यांनी आपल्या वडिलांना, आजोबांना पाणी दिलं आणि मुलाच्या नावाशी येऊन थांबले. सासूबाईंनी विधी पुढे ढकला म्हणून विनवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पोर बारा वर्षं तहानलेलं आहे गं." त्यांना मुलाला पाणी पाजायचं होतं आणि मला नवरा जिवंत हवा होता. दोघांचंही प्रेमच होतं, पण दोन्ही एकाच वेळी होण्यातलं नव्हतं.

मला विधवा व्हायची भीती वाटत होती, हे काही लपवत नाही. बोडक्या डोक्याने तांबड्या आलवणात उरलेलं आयुष्य काढायचं म्हणजे काय, ते आमच्या आळीत चार घरी दिसत होतं. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. तो पुतळा जळला की नेमावरला कुणी उरणार नव्हतं.

विधीच्या आदल्या दिवशी दुपारी मी सासूबाईंचे पाय धरले. म्हटलं, आज तरी त्यांना नदी ओलांडू द्या. त्या तेलाची वाटी घेऊन माझ्या मागे बसल्या आणि केसांना तेल लावू लागल्या. खूप वेळ लावत राहिल्या. मला वाटलं, शेवटचं म्हणून लावताहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शास्त्री आले. ओसरीवर पळसाच्या पानांचे भारे पडले होते, पर्वतीकडून एक गडी आणून टाकून गेला होता. न्हाव्यालाही निरोप गेला होता. शास्त्रीबुवांनी पानं मोजून घेतली, मग मामंजींच्या ओंजळीत पाणी दिलं. संकल्पाआधी आईबापांनी तीनदा सांगायचं असतं, की या बारा वर्षांत मुलगा कुणी पाहिला नाही, त्याच्याविषयी काही ऐकलं नाही. तसं शपथेवर सांगितल्याशिवाय पुतळा बांधता येत नाही. मामंजींनी तीनदा सांगितलं आणि पाणी सोडलं.

मग शास्त्रीबुवांनी माजघराच्या दाराकडे तोंड करून आईला विचारलं. सासूबाई दाराआड उभ्या होत्या, मी त्यांच्या मागे. त्यांच्या ओंजळीतलं पाणी बोटांतून गळून पायांवर पडत होतं. शास्त्रीबुवांनी पुन्हा विचारलं.

"ऐकलं आहे," सासूबाई म्हणाल्या.

मग त्या बोलू लागल्या, सावकाश आणि स्पष्ट. भाद्रपदात एक गोसावी भिक्षेला आला होता. नर्मदेपलीकडच्या एका खेड्यात त्याने अनंताला पाहिलं होतं. गावातल्या मुलांना अक्षरं शिकवतो. तिथलीच एक बाई ठेवून घेतली आहे, परजातीतली. दोन मुलं आहेत. घरचं नाव काढलं तर म्हणाला, मी तिकडे येणार नाही, सांगू नका.

मामंजी उठून दारापाशी आले. "चार महिने झाले त्याला. आणि आत्ता सांगतेस?"

"कोणत्या तोंडाने सांगू?" त्या म्हणाल्या. "मी वाढवलाय तो."

सासूबाईंच्या मागे उभ्या उभ्या मी दाराची चौकट धरली, कारण भाद्रपदात आमच्याकडे कुणी गोसावी आला नव्हता. भाद्रपदात सबंध महिना ते नेमावरच्या घाटावर बसून नदीचं पाणी उतरायची वाट पाहत होते. आम्ही दोघींनीच त्यांना बसवलं होतं.

पण शास्त्रीबुवांनी विश्वास ठेवला, मामंजींनीही ठेवला. आपल्याच मुलाला जातीतून उठवणारी गोष्ट कुठली आई रचून सांगेल? आणि सासूबाई हुशार होत्या, तो आजारी आहे किंवा वाटेत आहे असं सांगितलं असतं तर मामंजी दुसऱ्याच दिवशी माणूस पाठवते. ज्याला यायचंच नाही त्याला आणायला कुणी जात नाही. शास्त्रीबुवा म्हणाले, जिवंत माणसाचा पुतळा जाळणं महापाप आहे. त्यांनी पंचांग गुंडाळलं. पुढे त्या पळसाच्या पानांच्या आम्ही पत्रावळी लावल्या, महिनाभर पुरल्या. न्हावी दारातून परत गेला.

मामंजींनी त्या दिवसापासून मुलाचं नाव घेतलं नाही. पुढे तीन वर्षांनी ते वारले. मरेपर्यंत त्यांना वाटत होतं की आपला मुलगा नर्मदेकाठी सुखात आहे आणि आपल्याला विसरला आहे. ते पाप सासूबाईंनी आपल्या डोक्यावर घेतलं, आणि मी ते घेऊ दिलं. मी दारातून पुढे येऊन खरं सांगू शकले असते. सांगितलं नाही. मला माझे केस हवे होते, कुंकू हवं होतं, आणि मी एकवीस वर्षांची होते.

त्या सकाळनंतरची दुपार मात्र मला अजून सोसत नाही. मामंजी दफ्तरात गेले नव्हते, ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. आम्ही दोघी नेहमीसारख्या कापूस घेऊन बसलो. मी सासूबाईंच्या तोंडाकडे पाहत होते. आता त्या विचारतील, कुठवर आला असेल, आणि आज मी त्यांना नदीत उतरवणार होते. कमरेइतकं पाणी, अलीकडचा काठ समोर. सकाळचं सगळं परक्यांना सांगण्यापुरतं होतं. आमचे ते वेगळे, आमचे अजून निघायचे होते.

सासूबाई काही विचारेनात. दहा वाती झाल्या, वीस झाल्या. शेवटी मीच हळू आवाजात विचारलं, "आज निघतील ना ते?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते, पण इतकं थकलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"आता कसा निघेल गं?" त्या म्हणाल्या. "मुलं लहान आहेत त्याची."

मी कापूस टाकला आणि मोठ्याने रडू लागले. बारा वर्षांत अशी रडले नव्हते. कपाळावर कुंकू, हातात बांगड्या, पाठीवर तेल लावलेली वेणी, आणि मी ऊर बडवून रडत होते. सासूबाईंनी मला थांबवलं नाही. मामंजी दारात येऊन उभे राहिले आणि पाहून परत गेले. त्यांना वाटलं, सून सवतीपायी रडते आहे. त्यांचं काही चुकलं नव्हतं.