मावशींची दुखणी

"मेले, मेले! अगं काहीतरी कर, आतडी पिळवटून निघतायत!"

मावशी खाटेवर पोट धरून कळवळत होत्या आणि त्यांची लेक शेजारच्या खुर्चीवर ताठ बसून त्यांना इंग्रजीत विचारत होती, "मॅडम, आर यू एक्स्पीरियन्सिंग नॉशिया?"

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. खालच्या मजल्यावरच्या काकू मलमाची डबी घेऊन धापा टाकत आत शिरल्या.

"काय झालं हो मावशी? जिन्यापर्यंत ओरडणं ऐकू येतंय!"

मावशी टुणकन उठून बसल्या. "काही नाही हो, अपेंडिक्स. बसा, चहा टाकते."

"अहो, पण काल तर तुम्हाला दम लागला होता!"

"तो बरा झाला."

मावशी मोठ्या दवाखान्यात आया होत्या. सगळा वॉर्ड त्यांना मावशी म्हणायचा. डॉक्टरही, आणि वयाने त्यांच्याहून मोठे पेशंटही. लेक त्याच दवाखान्यात नर्स होती. तिला परदेशातल्या एका रुग्णालयात नोकरी मिळत होती, पण आधी इंग्रजी बोलण्याची परीक्षा होती. त्यात परीक्षक पेशंट होऊन बसतो आणि नर्सने त्याच्याशी बोलायचं. लेक त्यात दोनदा आपटली होती. औषधं, त्यांच्या मात्रा, सगळं तोंडपाठ. पण शेरा दोन्ही वेळा एकच आला, पुस्तकासारखं बोलते. तिसऱ्यांदा नापास झाली तर जागा दुसऱ्या कुणाला तरी जाणार होती.

ती इंग्रजीच्या शिकवणीला जायची. तिथल्या मॅडमनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, "अगं, तिथला पेशंट कुठे 'व्हॉमिट' म्हणतो? तो 'आय थ्र्यू अप' म्हणतो. चक्कर येऊन पडला की 'पास्ड आउट', शुद्धीवर आला की 'केम राउंड'. औषधाचा अंमल उतरायला लागला की 'इट्स वेअरिंग ऑफ'. घरात, रस्त्यात, सगळीकडे हेच एवढेएवढेसे शब्द चालतात. तेच बोल."

लेकीने ते सगळे घोकले. भांडी घासताना तिचं पुटपुटणं चालायचं, थ्रो अप, पास आउट, कम राउंड. पण समोर कुणी पेशंट होऊन बसलं की जीभ टाळ्याला चिकटायची आणि तोंडातून निघायचं ते मळमळीचं पुस्तकी 'नॉशिया'च.

मावशींचं इंग्रजी 'ऑक्सिजन' आणि 'ओके'च्या पुढे गेलं नव्हतं. पण हे त्यांना झटकन कळलं.

"म्हणजे आपल्यासारखंच की! आपल्याकडे तरी कुठला आजोबा 'मला वांती झाली' म्हणतो? पोटात ढवळतंय म्हणतो, डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणतो. वॉर्डात तू त्याला 'आपणांस मळमळ जाणवते काय' असं विचारतेस का?"

"नाही गं. 'काय आजोबा, ढवळतंय का?' असंच म्हणते."

"मग तेच त्यांच्या भाषेत म्हण. मी होते पेशंट."

त्या दिवसापासून मावशींच्या अंगात दुखणी संचारली. जन्मभर वॉर्डात पाहिलेली माणसं एकेक करून खाटेवर येऊन पडू लागली. सुई बघून पलंगाखाली लपलेला ट्रक ड्रायव्हर आला. बेडपॅन नको म्हणून हट्टाला पेटलेले हेडमास्तर आले. घडोघडी "मी गेले का हो?" असं विचारणारी आजी आली. मावशींनी मराठीत कण्हायचं आणि लेकीने इंग्रजीत धीर द्यायचा. नियम एकच, बरं वाटल्याशिवाय मावशी गप्प बसणार नाहीत.

"पण इंग्रजी कळत नाही, तर बरं वाटलं हे तुम्हाला कसं कळणार?" काकूंनी विचारलं.

"धीर द्यायचा आवाज वेगळा असतो हो. तो कळायला शाळा कशाला लागते?"

लेकीने उशी सारखी करत "लाय बॅक" म्हटलं की मावशी निमूट टेकायच्या. तिने वैतागून "काम डाउन", म्हणजे शांत व्हा, म्हटलं की दुप्पट बोंबलायच्या. हेडमास्तर झाल्या तेव्हा तर त्यांनी लेकीच्या अंगावर पेलाभर पाणीही उडवलं. लेक हसून हसून बेजार व्हायची, आणि हसता हसता तिची जीभ सैल होत गेली.

काकूंना मात्र हे सगळं बघवेना. एकदा लेक ड्युटीवर गेल्यावर त्या म्हणाल्याच, "यजमान गेल्यापासून तुम्ही दोघीच. एवढी एकच पोर, आणि स्वतःच्या हाताने तिला लांब धाडताय!"

मावशींना आत कुठेतरी लागलं. पण त्यांनी मान ताठ केली. "मी सगळं आयुष्य इथल्या लोकांना उठवून बसवलं. आता माझी पोर समुद्रापलीकडच्यांना बसवणार. कुठल्या आयाची पोर गेलीय तिकडे? सांगा बघू!"

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी लेकीने पुस्तक मिटलं. "आई, मी उद्या जात नाही."

"नापास व्हायची भीती वाटतेय?"

"नाही. पास व्हायची. तू एकटी काय करशील इथे?"

मावशी खाटेवर आडव्या झाल्या आणि चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. "आज नवा पेशंट. म्हातारी आहे. मांडीचं हाड जोडलंय, डॉक्टर चाल म्हणतात, पण उठत नाही."

"आई, आज नको गं."

"मला उठवू नका हो, सिस्टर," मावशींचा आवाज बारीक झाला. "माझी पोरगी लांब असते. ती आली की उठेन. तोवर कुणासाठी उठू?"

ही म्हातारी कुठल्याच वॉर्डातली नव्हती, हे लेकीला कळलं. ती खुर्ची सोडून खाटेच्या कडेवर येऊन बसली आणि तिने आईचा हात हातात घेतला.

"कम ऑन," ती हळूच म्हणाली. "सिट अप. लीन ऑन मी."

"ती विसरली असेल मला."

"नो. शी विल कम बॅक." लेक आता थांबत नव्हती. "बट यू कान्ट गिव्ह अप. यू हॅव टू गेट अप एव्हरी मॉर्निंग. पीपल काउंट ऑन यू." घोकलेले शब्द कुठले आणि मनातले कुठले, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. "कम ऑन, आई. अप यू गेट."

मावशींनी पाय खाली सोडले. लेकीच्या खांद्याला धरून त्या म्हातारीसारख्या फरपटत खिडकीपर्यंत गेल्या, आणि तिथे सरळ उभ्या राहिल्या.

"उद्या परीक्षकाला आई म्हणू नकोस म्हणजे झालं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "बाकी पास."

लेक खरंच पास झाली. निकाल लागला त्या दिवशी मावशींनी ते वॉर्डभर सांगितलं. जे शुद्धीवर नव्हते त्यांनाही सांगितलं. मॅडमनी लेकीला विचारलं, "इतकं कसं गं सुधारलं?" ती म्हणाली, "घरीच पेशंट होती. फार तक्रारखोर."

आणि मग एका संध्याकाळी लेक गेली. दुसऱ्या दिवशी मावशींची सकाळची ड्युटी होती. जाग वेळेवर आली, पण उठावंसं वाटेना. खाटेशेजारची खुर्ची रिकामी होती. इतके दिवस खोटं खोटं कण्हताना विचारायला कुणीतरी होतं. आज खरं दुखत होतं तर घरात चिटपाखरू नव्हतं.

मग मावशी मोठ्याने म्हणाल्या, "कम ऑन."

खोलीत ते नीट ऐकू आलं. "सिट अप," त्या म्हणाल्या आणि बसल्या. "अप यू गेट." त्यांनी पाय खाली सोडले आणि त्या उठल्या.

केस बांधून त्यांनी दार उघडलं, तर काकू मलमाची डबी घेऊन उभ्या. "आवाज आला म्हणून आले. कुणाशी बोलत होतात?"

"पेशंटशी."

"आता कोण आलंय आणखी?" काकूंनी आत डोकावून पाहिलं.

"म्हातारी आहे एक. तिची लेक परदेशात नर्स आहे." मावशींनी डब्याची पिशवी खांद्याला लावली. "उठत नव्हती. उठली."

मग दाराला कुलूप घालून त्या ड्युटीवर गेल्या.